सुपरहिरो भाड्याने: गोव्यातले चार दिवस

पहिला दिवस, शुक्रवार: म्हापसा

शुक्रवारच्या बाजारात आठच्या आत पोचलं तर दुकानं उघडताना दिसतात. दहानंतर मिरची-सोलांच्या राशींभोवती इतकी गर्दी होते की खेळणीवाल्यापुढे पाच मिनिटं उभं राहता येत नाही. गोव्यातल्या पार्कने मालक कंपनीचा परवाना घेऊन, म्हणजे भाडं भरून, सुपरहिरो वापरावा का, हे बघणं या सहलीचं काम, आणि ते त्याच्याकडेच सुरू होतं.

मुखवटा हातात घेऊन उलटा करावा. पातळ प्लॅस्टिकचा, साच्यावर तापवून ओढलेला, दोन्ही कानांशी इलॅस्टिकला स्टेपलरची पिन. ती पिन आतल्या बाजूला उघडी असेल तर माल कसा बनलाय ते तिथेच कळतं. परवान्याने बनलेल्या मुखवट्यावर किंवा त्याच्या पाकिटावर चार गोष्टी शोधाव्यात: पात्राच्या मालक कंपनीचं नाव व हक्काची ओळ, ज्याने तो बनवला त्या परवानाधारकाचं नाव-पत्ता, एमआरपी, आणि बहुतेक वेळा होलोग्रामचं छोटं स्टिकर. शिवाय आयएसआयचं चिन्ह. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे, मग पात्र कोणाचंही असो. बाजारातल्या दोरीवर टांगलेल्या मुखवट्यांत यांपैकी किती गोष्टी सापडतात, हे ज्याने त्याने मोजावं.

जानेवारीत पौषातली बोडगेश्वराची जत्रा असली तर संध्याकाळ तिथे काढावी. खाज्याच्या दुकानांच्या रांगा संपल्या की पाळणे सुरू होतात. जायंट व्हीलच्या डब्यांवर, ड्रॅगन ट्रेनच्या इंजिनावर, तिकीटखिडकीच्या फ्लेक्सवर सुपरहिरो दाटीवाटीने बसलेले. एका डब्यावर सुपरमॅन, शेजारच्या डब्यावर स्पायडरमॅन, त्यापुढे छोटा भीम. जाणकाराला ही बेकायदा रंगरंगोटी आहे हे या शेजारावरूनच कळतं. सुपरमॅन-बॅटमॅन डीसीचे, म्हणजे वॉर्नरच्या घरचे. स्पायडरमॅन-हल्क मार्व्हलचे, म्हणजे आता डिस्नेच्या घरचे. परवान्याच्या दुनियेत ही दोन घरं एका चौकटीत जवळजवळ कधीच दिसत नाहीत.

डब्याजवळ जाऊन रंग बघण्यासारखा असतो. स्टिकरमधला लाल गुलबट होऊन केशरीकडे झुकलेला, निळा मात्र बराचसा टिकलेला. उन्हात लाल-पिवळी शाई आधी उडते, निळी नि काळी मागे राहते. त्यामुळे दोन-तीन मोसमांत स्पायडरमॅन आजारी दिसू लागतो आणि बॅटमॅन तसाच्या तसा राहतो. फिरत्या पाळणेवाल्याला याचं काही नाही, तो नवा फ्लेक्स लावतो. परवाना घेतलेल्या पार्कला मात्र हाच लाल रंग महागात पडतो. करारातल्या स्टाइल गाइडमध्ये, म्हणजे पात्र कसं दिसावं याच्या नियमपुस्तिकेत, रंगाचा क्रमांक दिलेला असतो, आणि तपासणीला आलेला माणूस रंगपट्टी शेजारी धरून बघतो.

पाळणेवाल्याला धोका नाही, असंही नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63 खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. पण तंबू दहा दिवसांत उठतो, मालक परराज्यातला, आणि चार डब्यांसाठी वकील लावणं मालक कंपनीला परवडत नाही. पक्क्या भिंतींच्या पार्कला ही पळवाट नाही. पत्ता ठरलेला, जीएसटी क्रमांक तिकिटावर छापलेला, फोटो रोज लोकच इंटरनेटवर टाकतात. पहिली नोटीस त्यालाच येते.

दुसरा दिवस, शनिवार: हणजूण ते कळंगुट

या पट्ट्यात फिरताना डोक्यात एक काल्पनिक पार्क धरून चालावं, हिशेब सोपा जातो. मध्यम आकाराचा वॉटरपार्क, वर्षाला दीड लाख माणसं, तिकीट 18 टक्के जीएसटीसह 1,180 रुपये, म्हणजे पार्कच्या हातात 1,000. आत खाण्यापिण्यावर माणशी 250 खर्च, त्यातले 150 सुटतात. क्लोरीन, लॉकर, ट्यूब, आणि हॉटेलच्या डेस्कवाल्याचं व टॅक्सीवाल्याचं कमिशन धरून माणशी 200 जातात. एक जादा माणूस आला तर हाती उरतात 950. आकडे कल्पित आहेत, पण गोव्यात कमिशनची ओळ विसरणारा प्रकल्प-अहवाल हमखास फसतो, म्हणून ती आधी लिहिली.

आता या पार्कला एका सुपरहिरोचा पाच वर्षांचा परवाना घ्यायचाय. मालक अमेरिकन कंपनी. किमान हमी, म्हणजे धंदा होवो न होवो मालकाला द्यायचीच रक्कम, जिला धंद्यात सगळे एमजीच म्हणतात, वर्षाला एक कोटी धरू. इथे पहिली चूक होते. ‘एक कोटी’ म्हणजे तिकडे पोचायला हवेत ते एक कोटी. कर तुमचा, असं कलम करारात बारीक अक्षरांत असतं. भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर 15 टक्के कर कापावा लागतो, म्हणजे खर्च 1 भागिले 0.85, जवळपास 1.18 कोटी. त्यांच्याकडून कर-रहिवासी दाखला वेळेत आला नाही तर देशातला दर लागतो, तो 2023 पासून 20 टक्के अधिक अधिभार आहे. पहिला हप्ता पाठवण्याआधी दाखला हातात हवा. याशिवाय रिव्हर्स चार्जने, म्हणजे परदेशी कंपनीऐवजी पार्कलाच, जीएसटी भरावा लागतो. तो पुढे वजा मिळतो, पण पैसे आधी जातात, आणि ते बहुधा ऑगस्टात, जेव्हा गल्ल्यात काही नसतं.

बाकीचा खर्च: थीमिंग, म्हणजे पात्रानुसार सजावट, सहा कोटी, पाच वर्षांत वाटले तर वर्षाला 1.20 कोटी. रंग नि डागडुजी 40 लाख. वेषातले कलाकार आणि त्यांचे सांभाळणारे 25 लाख. संयुक्त जाहिरात 25 लाख. एकूण वर्षाला 3.28 कोटी. नुसत्या जादा गर्दीतून हे काढायचे तर 34,500 माणसं जास्त यायला हवीत. दीड लाखांवर 23 टक्के वाढ, आणि तीही पाचही वर्षं टिकून. असं सहसा होत नाही. नव्या राइडची हवा दुसऱ्या-तिसऱ्या मोसमात ओसरते आणि एमजीचा आकडा मात्र करारात दरवर्षी चढता असतो.

मग हे धंदे चालतात कशावर? तिकिटाच्या दरावर आणि दुकानावर. परवान्याच्या जोरावर तिकीट निव्वळ 100 रुपयांनी वाढवता आलं, तर जुन्या दीड लाख माणसांकडूनच 1.5 कोटी येतात. उरले 1.78 कोटी, आणि आता माणशी 1,050 सुटतात, म्हणजे 17,000 माणसं पुरतात, 11 टक्के. बाहेर पडायची वाट दुकानातून काढली आणि पाचातल्या एकाने 500 रुपयांची वस्तू घेतली, तर विक्री दीड कोटी. माल 40 टक्के, दुकानाचा खर्च 13 टक्के, रॉयल्टी 12 टक्के म्हणजे 18 लाख. ही रॉयल्टी एमजीतून वळती होते असं करारात असेल तर ती वेगळी मोजायची नाही आणि दुकानातून 70 लाख सुटतात. गरज उतरते 10,200 माणसांवर, सात टक्क्यांच्या आत. वळती होत नसेल तर तेच 18 लाख खिशातून, आणि 1,700 माणसं जास्त शोधा. करार वाचताना आधी हे एक कलम शोधावं. बाकीची पानं नंतरही चालतील.

दुपारी बागा-कळंगुटच्या रस्त्यावर उभं राहिलं की गोव्यातली खरी अडचण दिसते. 20 डिसेंबर ते 5 जानेवारी पार्क तसाही भरलेला असतो. ट्यूब कमी पडतात, लॉकर संपतात. त्या दिवसांत सुपरहिरो आणला तर जादा माणूस मावणार कुठे? आणि जून ते सप्टेंबर पावसात राइडच अर्धी बंद. परवान्याचं भाडं मात्र 365 दिवसांचं. दुबईच्या आयएमजी वर्ल्ड्सने 2016 साली आणि अबू धाबीच्या वॉर्नर ब्रदर्स वर्ल्डने 2018 साली मार्व्हल-डीसीची पात्रं पूर्ण छताखाली घेतली ती उन्हाळ्याच्या भीतीने. गोव्यात छत लागेल ते पावसासाठी, आणि किनारपट्टीवर तेवढी जमीन घेऊन छत घालायचं तर वरचा सहा कोटींचा आकडा हसण्यासारखा ठरेल.

वेषाचं काम जवळून बघण्याजोगं असतं. सुपरहिरोचा सूट म्हणजे लवचीक कापडाच्या आत फोमचे स्नायू. जानेवारीतसुद्धा दुपारी त्यात वीस मिनिटांपेक्षा जास्त माणूस उभा करू नये. वीस मिनिटं बाहेर, चाळीस मिनिटं पंख्याखाली. एका पात्राला एकाच उंचीचे दोन कलाकार, आणि प्रत्येकासोबत साध्या कपड्यांतला एक सांभाळणारा, कारण मुखवट्यातून पायाजवळचं मूल दिसत नाही. सूट किमान दोन: एक अंगावर, एक वाळत. हातमोजे जास्तच घ्यावेत, तेच आधी मळतात. गोव्याच्या दमट हवेत फोम रात्रीत वाळत नाही. उलटा करून डीह्युमिडिफायरच्या खोलीत टांगला नाही तर आठवड्यात वास नि महिन्यात बुरशी. एकाच पात्राचे दोघे एका वेळी मुलांच्या नजरेस पडता कामा नयेत, म्हणून कपडे बदलण्याची खोली पार्कच्या मागच्या दारालाच हवी. ओल्या फरशीवर सूट घालून चालायचं नाही, हे लिहून भिंतीवर लावावं लागतं. तळवा मऊ असतो आणि पाय पहिल्यांदा तिथेच घसरतो.

समुद्राच्या वाऱ्याने ब्रॅकेट गंजून फायबरच्या पुतळ्यावर तांबडे ओघळ येतात. सुपरमॅनच्या छातीवरून गंज वाहताना दिसला की तपासणीत तो पहिला शेरा. किनाऱ्यालगत 316 प्रतीचं स्टेनलेस वापरावं, साधं 304 काही मोसमांतच डाग धरतं.

तिसरा दिवस, रविवार: पणजी

म्हापशाहून शटल बस अर्ध्या-पाऊण तासात पणजीला आणते. संध्याकाळी मांडवीच्या काठावर उभं राहावं. समोर बेती, मध्ये पाण्यावर कॅसिनोंचे दिवे. क्षेत्राचं कलम, म्हणजे परवाना कुठवर चालतो ते सांगणारं, समजवायला याहून चांगली जागा नाही.

मार्व्हलने 1994 साली युनिव्हर्सलच्या तेव्हाच्या मालक कंपनीशी, एमसीएशी, पार्कसाठी करार केला. ऑर्लँडोत 1999 साली त्यावर मार्व्हल सुपर हिरो आयलंड उभं राहिलं. करारात मिसिसिपी नदी ही सीमा होती. नदीच्या पूर्वेला युनिव्हर्सल जी पात्रं वापरतंय ती आणि त्यांच्या कुटुंबातली पात्रं दुसऱ्या पार्कला देता येत नाहीत. 2009 साली डिस्नेने सुमारे चार अब्ज डॉलरना अख्खी मार्व्हलच विकत घेतली, पण करार तसाच राहिला. युनिव्हर्सल ते बेट चांगल्या स्थितीत चालवत राहील तोवर हक्क त्याचा. म्हणून डिस्नेच्या कॅलिफोर्नियातल्या पार्कात 2021 साली अॅव्हेंजर्स कॅम्पस झालं, 2022 साली पॅरिसला झालं, आणि फ्लोरिडात, जिथे डिस्नेचं सर्वांत मोठं संस्थान आहे, स्पायडरमॅनची राइड नाही. तिथे 2022 साली गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीची राइड आली, कारण ती पात्रं युनिव्हर्सल वापरत नव्हतं. आणि तिच्या नावात मार्व्हल हा शब्द नाही. घर आपलं, पण कूळ उठत नाही. कुळाची गोष्ट गोव्यात कोणाला फोड करून सांगायला नको.

हेच मांडवीवर आणून बघा. बारदेशातल्या पार्कने ‘फक्त उत्तर गोवा’ असं क्षेत्र घेतलं आणि पैसे वाचवले, तर तिसवाडी-बारदेश दोन्ही उत्तर गोव्यातच म्हणून तो निश्चिंत. पण तोच सुपरहिरो दक्षिण गोव्यात, सासष्टीतल्या एखाद्या रिसॉर्टने घेतला, तर दोन दिवसांच्या सहलीला आलेलं कुटुंब दोन्हीकडे जाणार नाही. क्षेत्र नकाशावर मोजू नये, गाडीच्या तासांत मोजावं. गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा. इथे अख्खं राज्य, आणि शक्य तर सिंधुदुर्ग नि कारवार धरूनच हक्क मागावा. आपल्याकडे कायदाही लक्षात ठेवण्याजोगा आहे: परवान्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं आणि क्षेत्र लिहिलं नाही तर ते भारतभर धरलं जातं. लेखी कागद नसेल तर परवानाच नाही, मग समोरच्याने तोंडाने काहीही कबूल केलेलं असो.

पाण्यावरच्या दिव्यांकडे बघून दुसरं कलम आठवावं. मुलांच्या पात्रांचे मालक दारू, जुगार आणि तंबाखूच्या शेजारी आपलं पात्र दिसू देत नाहीत. कागदावर ही ओळ निरुपद्रवी वाटते. गोव्यात वॉटरपार्कच्या आत बिअरचा काउंटर असतो, वाढदिवसाच्या पॅकेजात कॉकटेल असतं, आणि गेटबाहेरचं होर्डिंग कॅसिनोच्या होर्डिंगला चिकटून असतं. बार किती मीटर लांब, कोणत्या दिशेला तोंड करून, त्याच्या ग्लासवर पार्कचा लोगो चालेल का, हे सही करण्याआधी आराखड्यावर खुणा करून मंजूर करून घ्यावं. नंतर बार हलवणं म्हणजे अबकारी परवान्यातल्या जागेचा नकाशाही बदलणं, आणि त्याची फेरी वेगळी.

परवाना गेला की काय होतं याचा धडा अमेरिकेतल्या ओहायोत आहे. सिक्स फ्लॅग्जकडे डीसीची पात्रं वॉर्नरच्या परवान्याने आहेत. 1992 साली त्यांनी शिकागोजवळ बॅटमॅनच्या नावाचा, डब्याखाली पाय मोकळे लोंबणारा कोस्टर उभा केला आणि पुढे तोच नमुना आपल्या बऱ्याच पार्कांत बसवला. 2004 च्या मोसमाच्या तोंडावर त्यांनी ओहायोतला जिऑगा लेक पार्क विकला. लोखंड नव्या मालकाचं झालं, नावं झाली नाहीत. बॅटमॅन नाइट फ्लाइट रातोरात डॉमिनेटर झाला, सुपरमॅनचा कोस्टर स्टील व्हेनम. रूळ तेच, वेग तोच. म्हणून थीमिंगचे सहा कोटी कशावर खर्च होतात ते बघावं. पात्राचा चेहरा, बोधचिन्ह, रंगपट्टे हे काढता येतील अशा पॅनेलवर. राइडचा सांगाडा, खडक, कमानी मात्र कोणाच्याही नावावर चालतील अशा. साधारण दोन तृतीयांश पैसा न काढायच्या गोष्टींत असावा. काँक्रीटमध्ये वटवाघूळ ओतणाऱ्याला पाच वर्षांनी छिन्नी लागते.

पणजीतली हवा फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला कार्निव्हलच्या चित्ररथांची असते. किंग मोमोची मिरवणूक, मग शिगम्याचे चित्ररथ, त्याआधी दिवाळीच्या पहाटे जाळलेले नरकासुर: बांबू, गवत, वेल्डिंगचा सांगाडा, वर कागद, आत मोटर लावून हलणारे हात. पंधरा-वीस फुटी हलती आकृती तीन-चार आठवड्यांत उभी करणारी पोरं या राज्यात वाड्यावाड्यावर आहेत. थीमिंगचं काम बाहेरच्या कंपनीला देण्याआधी त्यांच्याकडून नमुना करून घ्यावा. मात्र एक समजावून सांगावं लागतं. नरकासुराचे डोळे मनासारखे मोठे करता येतात. परवान्यातल्या पात्राच्या डोळ्याचा कोन बदलला की नमुना परत येतो, आणि प्रत्येक फेरीला तीन आठवडे जातात. बहुतेक करारांत उत्तर आलं नाही म्हणजे नकार, असं धरलेलं असतं. देवनागरीत नाव लिहायचं तर त्या अक्षरांचीही मंजुरी वेगळी. कॉमिकमधल्या चित्राचा परवाना म्हणजे सिनेमातल्या नटाच्या चेहऱ्याचा परवाना नव्हे. पोस्टर करणाऱ्या मुलाने इंटरनेटवरून सिनेमातला फोटो उचलला की सगळं काम तिथे अडतं.

चौथा दिवस, सोमवार: लोटली

पणजीहून मडगाव, तिथून लोटली. बिगफूट म्हणून ओळखलं जाणारं ठिकाण इथे आहे. जुन्या गोव्याचं खेडं, एकाच जांभ्या दगडात कोरलेली आडवी संत मीराबाई, आणि खडकातल्या मोठ्या पाऊलखुणेची दंतकथा. पात्र स्थानिक, रॉयल्टी शून्य, रंग उडाला तरी विचारणारा कोणी नाही. पण ते पात्र इंदूरच्या मुलाला गेटबाहेर ओळखीचं नाही, म्हणजे जाहिरातीचा खर्च सगळा स्वतःचा. परवान्याचे पैसे नेमके याचेच असतात: मुलाला आधीपासून ठाऊक असण्याचे.

व्यंगचित्रकार मारियो मिरांडा याच गावचे. त्यांच्या चित्रांचे मग, टाइल्स, टी-शर्ट पर्वरीजवळ तोर्ड्याच्या मारियो गॅलरीत नि इतर दुकानांत मिळतात. गोव्यातला पात्र-व्यवहाराचा सगळ्यात चांगला चालणारा नमुना हाच, असं आमचं मत. त्यांच्या चित्रांतली मिस फोन्सेका लहान मुलांना ओळखू येत नाही, पण मग विकत घेणारे त्यांचे आईबाप असतात. मारियो 2011 साली गेले. आपल्या कायद्यात मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं, म्हणजे 2071 च्या अखेरपर्यंत त्या चित्रांना हक्क आहे. कुठल्याही पार्कने ती भिंतीवर रंगवण्याआधी इथेही कागद करावाच लागेल.

मग गोव्यातल्या पार्कने सुपरहिरो घ्यावाच नाही का? घ्यावा, पण मोसमापुरता. सहा आठवड्यांचा कार्यक्रम-परवाना, फक्त भेट-फोटो आणि दुकान. भाडं 12 लाख धरलं तर करासह 14.1, सूट 5, माणसं 4, मंच-दिवे 3: साधारण 26 लाख. माणशी 950 ने 2,750 माणसं, म्हणजे रोज 66. हे गोव्यात जमतं, आणि तेही नाताळात नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून, जेव्हा पार्क अर्धा रिकामा असतो.

तारखा उलट्या मोजाव्यात. 10 जानेवारीला सुरू करायचं तर माल 20 डिसेंबरला गोव्यात हवा, कारण नाताळ ते नववर्ष वेल्डर मिळत नाही. बनवायला सहा आठवडे, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंतिम मंजुरी. तीन फेऱ्यांचे नऊ आठवडे, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीला पहिली चित्रं रवाना. आणि यातच चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येते, आठवडाभर स्टुडिओला कुलूप, मग दिवाळीआधी सगळे रंगारी नरकासुरावर, म्हणून दोन आठवडे आणखी धरा. करार नि पैशाच्या कागदांना दहा आठवडे. अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे, पाऊस लागतो तेव्हा.